चाळीस बिळं

संध्याकाळी आम्ही बिळं बुजवतो.
चिखलाचा गोळा, वरून टाचेचा दाब,
शेजारी नंबर घातलेली काडी.
सकाळी जे दार आतून फोडलेलं असेल
तिथे घूस नांदते असं धरायचं.
सानेत्तीच्या पठारावर, चार हजार मीटरांवर,
जिवंत असण्याची याहून स्वस्त परीक्षा
मला ठाऊक नाही.

काड्या तुफाबाबा रोवतात.
त्यांना आकडे वाचता येत नाहीत,
पण सव्विसावी कुठल्या दगडाच्या कुशीत आहे
हे माझ्या वहीच्या आधी त्यांच्या पायांना कळतं.

'झैतूना,' ते विचारतात,
'रात्री तुझ्या दाराला कुणी चिखल थापला
तर तू पहाटेच उठून फोडशील
की म्हणशील, बरं झालं, वारा अडला,
अजून थोडं झोपू?'

मी रकाने बघते.
उघडलेली. बंद.
झोपलेल्यांना रकाना नाही.

आमच्याकडे लांडग्याला घोड्याचा कोल्हा म्हणतात.
घोडी विणार असली की तो मागे मागे हिंडतो,
वार पडायची वाट बघत,
एखाद्या लांबच्या नातलगासारखा, सभ्य अंतर राखून.
एरवी मात्र घुशीच.
बिळासमोर तासभर उभा राहतो,
लाल, लांब पायांचा,
आणि घुशीच्या राखणीला असलेला भुरका पक्षी
ओरडून ओरडून दमतो.

आता जे सांगायचं ते.

गेल्या महिन्यात कुत्र्यांना लस टोचायला पथक आलं.
तुफाबाबांनी आपला बोरू लपवला.
सुई लागली की कुत्रा मऊ पडतो,
मग तरस मेंढ्या नेतात,
असं त्यांच्या भावानं सांगितलं होतं,
आणि भावाच्या खरोखरच गेल्या होत्या दोन.
मी वस्तीचा कागद भरला: कुत्री अकरा.
बारावं शेपूट शेणीच्या ढिगामागे हलत होतं.
मला दिसलं होतं.
त्यांना माहीत होतं, मला दिसलंय.
त्यांनी मला चहा दिला, मीठ घालून,
आणि मी तो प्याले.

मंगळवारी ओढ्याकाठी मादी सापडली.
तोंडाला सुकलेला फेस,
पुढच्या पायात स्वतःचेच दात.
नमुना बर्फात घालून अदिसला गेलाय.
उत्तर आलेलं नाही.
दुसरं काही असू शकतं. असू शकतं.
तिला उचलताना बाबा घोंगडीचं टोक धरून
एक शब्द बोलले नाहीत,
आणि ते वजन, सांगते,
पाण्याच्या घागरीपेक्षा कमी होतं.

आज पहाटे गवतावर हिवाची काच.
पायाखाली प्रत्येक पाऊल मोडतं.
मी एकटीच मोजायला निघाले.
एक उघडं. दोन उघडं. तीन बंद.
सव्विसाव्याची माती ताजी उकरलेली,
काठावर लांडग्याचा पंजा, रक्ताचा एक ठिपका.
दार उघडलं, आणि उघडलं म्हणूनच गेली ती.
हे नांदतं म्हणायचं की रिकामं?
'उघडं' असं लिहिलं.
नियमात तेवढंच बसतं.

एकतिसाव्यापाशी बाबा आले.
घोड्याच्या जुन्या लगामाला बांधलेला बोरू,
पिवळा, एक कान फाटलेला,
मला बघून शेपूट हलवणारा.
'गाडी कधी येते?' बाबांनी विचारलं.
'दुपारी.'
'मग बसतो.'

मी मागचं पान काढलं.
अकरावर रेघ मारली, बारा लिहिले,
आजची तारीख आणि माझी सही.
बोटं इतकी गार की सही
माझ्या धाकट्या बहिणीची वाटली.

तोवर बोरूनं लगाम ताणला.
नववी काडी. बंद बिळ. चिखल जसाच्या तसा.
त्यानं नाक टेकवलं, थरथरला,
पुढच्या पायांनी उकरायला लागला.

बाबांनी त्याला मागे ओढलं.
'राहू दे रे,' ते म्हणाले. 'झोपलंय कुणीतरी.'

माझं पेन दोन रकान्यांमधल्या
रेघेवर थांबलेलं,
आणि खाली रस्त्यावर, फार दूर,
कुठल्यातरी गाडीचा आवाज.